अर्ध्या मिलिमीटरची जागा

८ जुलै २०२४, सोमवार. कराड

सकाळपासून रिपरिप चालू आहे. दुपारी पाटणकडची एक पांढरी क्वालिस दोराने ओढत आणून दारात उभी केली. २००४ चे मॉडेल. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका गॅरेजात क्लचचा सगळा सेट नवा टाकलाय: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. तेव्हापासून इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. इंजिन बंद करा, पाचही गिअर अलगद पडतात, रिव्हर्ससुद्धा. चालू केले की पहिला अडतो आणि रिव्हर्सला दातांची खरखर ऐकू येते.

‘नवी प्लेट आहे, बसायला थोडा वेळ लागेल,’ असे सांगून गाडी दिली म्हणे. एसटीत होतो तेव्हापासून हे वाक्य ऐकतो आहे. ते खरे नाही, आणि त्याच्यामुळे लोकांचे गिअर खराब होतात म्हणून मला ते ऐकवत नाही. नवी प्लेट चालून चालून बसते ती पकडीच्या बाबतीत, तिचे अस्तर फ्लायव्हीलवर नीट टेकायला थोडे अंतर जावे लागते. सुटण्याच्या बाबतीत तिला मुदत नसते. पहिल्या दिवशी, पहिल्या दाबाला ती सुटलीच पाहिजे.

मालक शेतकरी आहेत, लग्नसराईत गाडी भाड्याने फिरवतात. १७ तारखेला आषाढी. “मिस्त्री, आईचं वय झालंय. यंदा तिला पंढरपूरला न्यायचीच हाय. तेवढं बघा.” मी तारीख दिली नाही. गाडी बघितल्याशिवाय तारीख देणे म्हणजे त्या म्हातारीला फसवणे.

पुतण्या पाने काढून तयार होता. त्याचे म्हणणे, प्लेट उलटी बसवली असणार, गिअरबॉक्स खाली घेऊ. शक्यता आहेच. क्लच प्लेटच्या, म्हणजे चकतीच्या, मधल्या हबची स्प्रिंगवाली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे यावी लागते. उलटी बसली तर तो फुगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो आणि क्लच सुटत नाही. बहुतेक प्लेटांवर ‘फ्लायव्हील साइड’ असे छापलेले असते, तरी ही चूक होते. पण गिअरबॉक्स उतरवून परत चढवण्यात पूर्ण दिवस जातो, आणि दोष बाहेर निघाला तर तो दिवस वाया. सुरुवात पायापासून करायची, चकतीपासून नाही.

म्हणून संध्याकाळी फक्त पॅडल बघितले. पायाखाली मूळची रबरी मॅट, तिच्यावर जाड गालिचा, त्याच्यावर पावसाळ्याची प्लास्टिकची मॅट. तिन्ही काढल्यावर पॅडल बोटभर जास्त खाली गेले. गिअरची खरखर कमी झाली, थांबली नाही.

९ जुलै, मंगळवार

पुतण्याला आज कागद-पेन्सिल घेऊन बसवले. क्लच म्हणजे हालचाल पोचवण्याची साखळी आहे हे त्याला आकड्यांत दिसायला हवे होते. पाय साधारण १५ सेंटिमीटर खाली जातो. वरचा सिलिंडर ती हालचाल तेलातून खालच्या सिलिंडरला देतो, तिथे दांडी १२-१३ मिलिमीटर सरकते. फोर्कच्या दुसऱ्या टोकाला बेअरिंग सरकते सात-आठ मिलिमीटर. ते प्रेशर प्लेटची बोटे दाबते आणि प्लेट चकतीवरून उचलली जाते, फार तर दीड-दोन मिलिमीटर. त्यातलाही काही भाग चकतीच्या दोन अस्तरांमधली लहरी पत्र्याची स्प्रिंग फुलण्यात जातो. शेवटी जात्याच्या दोन तळ्यांमध्ये असावी तशी ती चकती, आणि तिच्या प्रत्येक बाजूला मोकळी जागा उरते ती जेमतेम अर्धा मिलिमीटर. १५ सेंटिमीटर आत घातले, हातात अर्धा मिलिमीटर. वाटेत कुठेही थोडी हालचाल मेली की ती या अर्ध्यातून वजा होते.

खालच्या सिलिंडरजवळ पट्टी धरून मोजले. दांडी ८ मिलिमीटर सरकते. हा आकडा कमी की बरोबर, हे पुस्तकावरून ठरवण्यापेक्षा चांगली गाडी मोजणे मला पटते. शेजारच्या आळीत एक क्वालिस रोज दूध घालते, तिचा क्लच उत्तम आहे. तिच्याखाली शिरून तसेच मोजले: १३. म्हणजे पाच मिलिमीटर वाटेत हरवले होते.

मग एअर काढली. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मग पॅडल सोडायचे, आणि वरच्या डबीतले तेल संपू द्यायचे नाही. नळीतून बारीक बुडबुडे बराच वेळ येत राहिले. दांडी साडेदहावर आली. पण पॅडल दाबून मिनिटभर धरले तर दांडी हळूहळू मागे येते. बाहेर कुठेही थेंब नाही. तेल आतल्या आत, वरच्या सिलिंडरच्या रबरावरून परत जाते आहे.

आणखी एक गोष्ट आधीच्या गॅरेजात झालेली दिसली. पॅडलची वरची दांडी नटावर इतकी बाहेर काढलेली होती की पॅडलला मोकळा प्ले शून्य. क्लच सुटत नाही म्हणून दांडी वाढवायची ही युक्ती सगळीकडे चालते. तिचा धोका सांगितला पाहिजे. पॅडल पूर्ण वर असताना सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र उघडे राहावे लागते. दांडी सतत टेकलेली असली की ते झाकले जाते, इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगते, त्याला परत जायला वाट राहत नाही, आणि क्लच आपोआप थोडा दाबलेलाच राहतो. मग चढाला प्लेट घसरते आणि जळते. म्हणजे न सुटणारा क्लच दुरुस्त करता करता घसरणारा क्लच मिळतो. पॅडलच्या टोकाला ५ ते १५ मिलिमीटर मोकळा प्ले हवा. आधी तो परत दिला, मग बाकीचे.

१० जुलै, बुधवार

वरचा सिलिंडर उघडला. आत बोट फिरवले तर खालच्या अर्ध्या भागात नखाला लागेल अशी रेघ आणि गंजाचे ठिपके. रबराची कड त्याच भागात चिरलेली. हे कसे झाले ते मला दिसते. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो, तेवढा भाग गुळगुळीत राहतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षे ओलावा साचून गंज चढतो, कारण ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. क्लच बदलल्यावर कोणीतरी एअर काढताना पॅडल जमिनीपर्यंत जोराने पंप केले, आणि जुने रबर त्या गंजावरून घासले गेले. जुन्या गाडीची एअर काढताना पॅडल शेवटपर्यंत आपटायचे नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. हे मला एसटीच्या दापोडीतल्या मध्यवर्ती कार्यशाळेत एका वयस्कर फोरमननी शिकवले.

सिलिंडर नवाच घेतला. रेघ पडलेल्या सिलिंडरला नुसते किट घालून उपयोग नाही, चार महिन्यांत परत तेच.

रबरी नळीही बदलली. पुतण्याने पॅडल दाबले तेव्हा मी नळी मुठीत धरून होतो, ती हाताला फुगलेली जाणवली. जितकी नळी फुगते तितके तेल खाली पोचत नाही. खालच्या सिलिंडरचे रबर मात्र ठीक होते, ते तसेच ठेवले. तेल डॉट ३, सीलबंद डब्यातले. अर्धवट उघडा राहिलेला डबा पावसाळ्यात वापरायचा नाही.

आता दांडी १३ मिलिमीटर. दूधवाल्या गाडीइतकीच. मिनिटभर दाबून धरली तरी मागे येत नाही. इंजिन चालू केले, पॅडल पूर्ण दाबून दहा सेकंद थांबलो, आणि रिव्हर्स टाकला.

खर्र.

पुतण्याचा चेहरा पडला. मी त्याला म्हटले, अर्धी गाडी आज निर्दोष ठरली आहे. पॅडलपासून फोर्कपर्यंत आता कोणी शंका घेणार नाही. दोष घंटेच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत आहे, आणि आता गिअरबॉक्स उतरवायला आपल्याकडे कारण आहे.

११ जुलै, गुरुवार

दिवसभर दुसऱ्या गाड्या. बोलेरोचे ब्रेक, एका टेम्पोचा रेडिएटर.

संध्याकाळी तासभर मिळाला तेव्हा क्वालिसवर एक परीक्षा केली, ती इथे नीट लिहून ठेवतो, कारण गिअरबॉक्स न उतरवता आतली खबर देणारी एवढीच एक सोय आहे. इंजिन बंद. पुढच्या चाकांना दगड. मागची दोन्ही चाके उचलून घोड्यांवर, हँडब्रेक सोडलेला. चौथा गिअर टाकायचा, चौथाच, कारण या गाडीत तो सरळ आहे: प्रोपेलरचा एक फेरा म्हणजे क्लच प्लेटचा एक फेरा. एकाने पॅडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रोपेलर हाताने फिरवायचा.

पॅडल सोडलेले असताना अर्थात हलत नाही. दाबल्यावर फिरला, पण एकसारखा नाही. काही भागात हलका जायचा, मग जड व्हायचा, परत हलका. खडूने प्रोपेलरवर खूण केली. जड जागा प्रत्येक फेऱ्यात तिथेच येते.

पुतण्याला विचारले, प्लेट उलटी असती तर? तो विचार करून म्हणाला, “मग काका, सगळीकडं सारखंच जड लागलं असतं.” बरोबर. हबवर गंज चढून चकती शाफ्टवर अडकली असती तरीही बहुधा तसेच. इथे चकती वाकडी आहे किंवा प्रेशर प्लेट तिरपी उचलते आहे. दोन्ही नव्या वस्तू. मालकांना फोन करून गिअरबॉक्स उतरवण्याची परवानगी घेतली. ते क्षणभर गप्प झाले. एका आठवड्यात दुसऱ्यांदा मजुरी द्यायची म्हटल्यावर कोणीही होईल.

१२ जुलै, शुक्रवार

पाऊस जोरात. शेड गळते तिथे ताडपत्री बांधून काम केले.

प्रोपेलर सोडला, गिअरचा दांडा वरून काढला, खालचा सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधला, क्रॉस मेंबर उतरवला, गिअरबॉक्स मागे ओढून खाली घेतला. फ्लायव्हील उघडे पडल्यावर पहिले काम ओल्या फडक्याने पुसण्याचे. हवेच्या नळीने धूळ उडवायची नाही. जुन्या अस्तरांमध्ये अस्बेस्टॉस असायचा, आणि आपल्याकडे त्याच्या वापरावर आजही पूर्ण बंदी नाही. हातात आलेल्या प्लेटचे अस्तर कशाचे आहे हे बघून कळत नाही. आमच्या पिढीने ही धूळ फुंकरीने उडवली. पोरांनी उडवू नये म्हणून गॅरेजात मास्कचा डबा ठेवलाय.

प्लेट उलटी नव्हती. बरोबर बाजूने, बरोबर मापाची, डबीवरचा नंबरही बरोबर. फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासल्याची खूण नाही. शाफ्टच्या खाचा स्वच्छ, चकती त्यांच्यावर बोटाने सरकते. बेअरिंग शांत फिरते, फोर्क सरळ. प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची पट्टी आणि फिलर गेजने तपासली. बोटाबोटांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, तो तिथे नव्हता. फ्लायव्हीलला डायल गेज लावले, काटा ०.१ च्या आत.

राहिली चकती. ती हातात घेऊन उजेडात धरली, डोळ्यांना अगदी सपाट. पुतण्याने काचेवर ठेवून पाहिली, तरीही काही सांगता येईना. इथेच बहुतेक लोक फसतात. प्लेट दिसायला चांगली म्हणून परत चढवतात आणि दोष दुसरीकडे शोधत बसतात.

आमच्याकडे जुन्या क्वालिसची एक इनपुट शाफ्ट पडून असते. चकती तिच्यावर चढवून दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने शाफ्ट दोन सेंटरांमध्ये पकडली. चकतीच्या कडेपासून जरा आत गेजचे टोक टेकवले आणि चक हाताने अगदी सावकाश फिरवला. काटा हलू लागला. शून्यावरून वर चढला, एकचा आकडा ओलांडला, थांबला, मग उतरायला लागला आणि शून्याच्या खाली जाऊन परत आला. एकूण डगमग १.७ मिलिमीटर. अशा चकतीला ०.८ पर्यंत चालते. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळी जागा, आणि तिच्यात १.७ ने डगमगणारी चकती. पॅडल कितीही दाबा, ती एका अंगाने फ्लायव्हीलला आणि दुसऱ्या अंगाने प्लेटला घासतच राहणार.

चकतीच्या अस्तरावरही तीच कहाणी होती, आता वाचता येत होती. एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा काळपट चमकदार पट्टा, आणि बरोबर समोरच्या कडेला दुसऱ्या अंगावर तसाच.

कंपनीतून वाकडी येऊ शकते का? येऊ शकते, पण इतकी क्वचित. नवी चकती वाकते ती गॅरेजात, गिअरबॉक्स चढवताना. शाफ्टचे टोक चकतीच्या हबमध्ये शिरते, घंटा अजून इंजिनाला टेकलेली नसते, आणि त्या क्षणी वर धरणाऱ्यांचे हात भरून येतात. सगळा गिअरबॉक्स शाफ्टवर, म्हणजेच चकतीच्या पातळ पत्र्यावर लोंबकळतो. कोणीतरी म्हणतो, बोल्ट लावून ओढून घे. तेवढ्यात काम झालेले असते. त्या गॅरेजात जॅक नाही, दोन पोरांनी छातीवर घेऊन चढवला, असे मालकांनी नंतर सांगितले. त्या पोरांवर माझा राग नाही. वस्तू दोन माणसांनाही जड आहे आणि त्यांना कोणी हे सांगितलेले नाही. राग आहे तो, जॅक न घेता पोरांना गाडीखाली झोपवणाऱ्या गॅरेजमालकावर.

१३ जुलै, शनिवार

सुटे भाग. फक्त चकती मिळते का ते विचारले. मिळाली, त्याच कंपनीची. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तपासून निर्दोष ठरलेले होते, ते बदलायला लावणे म्हणजे मालकाच्या खिशातून उगाच पैसे काढणे. नवी चकतीही थेट बसवली नाही. दुकानातून आधी लेथवर नेली. काटा ०.३ च्या आत. आता खरी नवी.

एक लहान वस्तू उरली होती, क्रँकशाफ्टच्या टोकातले पायलट बेअरिंग. शाफ्टचे पुढचे टोक त्यात बसते. क्लच सुटला की इंजिन फिरते आणि शाफ्ट थांबते, त्या दोघांमध्ये हे बेअरिंग. ते धरले तर चकती पूर्ण मोकळी असूनही इंजिन शाफ्टला फिरवत राहते, आणि गिअर तसेच खरखरतात. लक्षण तंतोतंत सारखे. आधीच्या वेळी ते बदललेच नव्हते. बोटाने फिरवले तर कोरडे आणि किरकिरे, धरलेले मात्र नाही. म्हणजे या दोषाचा धनी ते नव्हते. तरीही बदलले. शे-दीडशे रुपयांची वस्तू आणि तिच्यासाठी परत गिअरबॉक्स उतरवायचा, हा हिशेब कोणालाच परवडत नाही.

ते काढण्याची रीत पुतण्याने पहिल्यांदा पाहिली. ओढायला पुलर नाही, मागून ठोकायला जागा नाही. बेअरिंगच्या भोकात गच्च ग्रीस भरायचे. भोकाच्या मापाची, जुळून बसणारी गोल सळई घ्यायची, तिच्यावर हातोडीचा एक नेटका ठोका. ग्रीस दाबले जात नाही, त्याला जायला वाट नाही, म्हणून ते मागून बेअरिंगला ढकलते. ठोका, परत ग्रीस, परत ठोका. दर वेळी बेअरिंग केसभर बाहेर. शेवटी ते आपणहून सळईवर येऊन बसले. पोराने ग्रीसने माखलेले ते बेअरिंग हातात घेऊन दोन-तीनदा उलटसुलट पाहिले.

१४ जुलै, रविवार

एरवी रविवारी बंद असते. आज उघडले.

गिअरबॉक्सचा जॅक मलकापूरच्या एका ओळखीच्या गॅरेजातून मागून आणला. चकती जुन्या शाफ्टवर मधोमध धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू आधी आवळली तर प्लेटचे कव्हर वाकते. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा नुसता हात, जास्त नाही, जास्तीचे उडून अस्तरावर जाते. जुनी शाफ्ट सहज आत-बाहेर होते आहे हे पाहून मगच ती काढली.

त्यानंतर लांब बोल्टांची डोकी कापून केलेल्या दोन सळ्या इंजिनाच्या वरच्या भोकांत पिळून बसवल्या. गिअरबॉक्स या सळ्यांवरून सरकत जातो. वजन जॅकवर आणि सळ्यांवर, चकतीवर काही नाही. इंजिन मागून किती झुकले आहे ते बघून जॅकही तितकाच झुकवला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला हात घालून शाफ्ट जरा फिरवली, खाचा जुळल्या, आणि घंटा हाताच्या दाबाने सरकत इंजिनाला येऊन टेकली. एकही बोल्ट ओढायला लावलेला नव्हता. शेवटचे बोटभर अंतर बोल्टांनी ओढून घ्यावे लागत असेल, तर थांबायचे आणि गिअरबॉक्स मागे घ्यायचा. काहीतरी अडते आहे आणि ते वाकणार आहे.

संध्याकाळपर्यंत प्रोपेलर, क्रॉस मेंबर, सिलिंडर सगळे जागेवर.

१५ जुलै, सोमवार

दांडी १३. पॅडलचा प्ले १० मिलिमीटर. चौथ्या गिअरमध्ये प्रोपेलर हाताने फिरवला: पूर्ण फेरा एकसारखा हलका.

इंजिन चालू, दहा सेकंद, रिव्हर्स. आवाज नाही. गरम करून परत, मग कोयनेच्या पुलापर्यंत जाऊन येताना वाटेत, मग चढावर उभी करून. सगळीकडे तेच. पुतण्याने गाडी मागे-पुढे करताना गिअरच्या दांड्यावर फक्त दोन बोटे ठेवली होती.

दुपारी मालक आले. जुनी चकती, चिरलेले रबर, जुनी नळी आणि पायलट बेअरिंग त्यांच्यासमोर ठेवले. गेजवर किती आले ते कागदावर लिहून दिले. तो कागद घेऊन आधीच्या गॅरेजात जा, प्लेटचे पैसे तरी मागा, असे सांगितले. त्यांनी बिल न बोलता दिले. मजुरीत मी थोडे कमी केले. वारीची गाडी आहे.

१९ जुलै, शुक्रवार

पंढरपूरहून परत येताना मालक गाडी दाखवून गेले. एकादशीच्या गर्दीत शहराबाहेरच्या वाहनतळाच्या रांगेत पहिला-दुसरा करत बराच वेळ काढला म्हणाले. क्लचची यापेक्षा कडक परीक्षा नाही. दांडी मोजली, १३. डबीतले तेल खुणेवर. म्हाताऱ्या आईंनी माझ्यासाठी बुक्का आणि लाह्या पाठवल्या होत्या.

पुतण्याने आज गिअरबॉक्सच्या जॅकची ऑर्डर दिली. मागून आणलेल्या जॅकवर गॅरेज चालत नाही.

ही पाने कोणा गाडीवाल्याच्या हाती लागली तर एवढी विनंती. क्लच बदलायला गाडी द्याल तेव्हा दोन गोष्टी आधीच विचारा: गिअरबॉक्स चढवायला जॅक आहे का, आणि पायलट बेअरिंग बदलणार का. गाडी परत घेताना गॅरेजातच इंजिन चालू ठेवून, पॅडल दाबून दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाकून बघा. खरखर आली तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून गाडी घेऊन जाऊ नका. त्याच दारात उभी ठेवा आणि दांडी किती सरकते ते तुमच्यासमोर मोजायला सांगा.